खाडीपलीकडचे गॉब्लिन: टेबलावर राजकारण आणायचं की ते आधीच असतं?

वीसबाजू | रविवार, रात्री ११:५०

गेले चौदा महिने आम्ही पाच जण रविवारी ऐरोलीला माझ्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत, आपापलं पात्र होऊन तोंडी गोष्ट रचायचा खेळ) खेळायला जमतो. दोघे ठाण्याहून येतात, एक नेरूळहून, एक घणसोलीच्या बाजूची. डीएम, म्हणजे गोष्टीचं जग चालवणारा, मी. आज पहिल्यांदा खेळ अर्ध्यावर मोडला आणि मला झोप येत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

कॅम्पेन, म्हणजे आमची चालू गोष्ट, असं आहे. एका सरदाराला खाडीच्या तोंडाशी नवं बंदर वसवायचंय. मध्ये दलदल. त्याने पार्टीला, म्हणजे चौघांच्या पात्रांना, काम दिलं: दलदल मोकळी करा, मोकळ्या केलेल्या प्रत्येक हेक्समागे (नकाशावरच्या षटकोनामागे) शंभर सोन्याची नाणी. नकाशा मी हाताने काढलाय, सदतीस षटकोन, त्यातले बरेचसे कोरे. दलदलीत गॉब्लिन (खेळातले बुटके, राक्षसासारखे प्राणी) राहतात, मासे धरतात, मीठ पिकवतात. मिठाचा तपशील मी काही विचार करून घातला नव्हता. खाडीकाठी वाढलो, हाताला तोच आला.

आज पार्टीने रात्री वस्तीवर छापा घातला. अकरा मारले. शेवटच्या झोपडीत एक म्हातारी आणि पाच-सहा पोरं निघाली. पॅलाडिन (शपथ घेतलेला धर्मयोद्धा) खेळणारा म्हणाला, "पुस्तकात स्वभाव दुष्ट लिहिलाय. मोठी झाली की तीच परत येणार. आत्ताच उरकू." बार्बेरियन (रानटी लढवय्यी) खेळणारीने फासे पिशवीत भरले, "मी हे करणार नाही" म्हणाली आणि चपला घालून निघाली. मी मागोमाग खाली गेलो तोवर तिला रिक्षा मिळाली होती.

मागे राहिलेल्यांत जुंपली. एक म्हणतो, तिने खेळात राजकारण आणलं. दुसरा म्हणतो, राजकारण पहिल्या दिवसापासून टेबलावर होतं, आपल्याला आज दिसलं. मला दोघांचंही थोडं थोडं पटतंय आणि त्यानेच डोकं जड झालंय. माझं काय चुकलं?

तलावपाळी | रविवार, रात्री १२:१५

सेशन झीरो, म्हणजे खेळाआधीची ठरवाठरवीची बैठक, घेतलं होतं का? आमच्या नौपाड्यातल्या ग्रुपमध्ये पहिल्या दिवशी कागदावर लिहूनच घेतो: काय अजिबात नको, आणि काय घडलं तरी पडद्याआड घडावं. पोरांवरची हिंसा पहिल्या रकान्यात जाते.

वीसबाजू | रविवार, रात्री १२:२२

घेतलं होतं. एकाने साप नको म्हटलं, एकाने छळाची वर्णनं नकोत म्हटलं. गॉब्लिनांना पोरं असतात हेच कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि झोपडीत ती मीच ठेवली होती.

नियमपंडित | सोमवार, सकाळी ८:३५

तो पॅलाडिन मी. दुसऱ्या आयडीमागे लपून बोलणं बरं नाही म्हणून आधीच सांगतो. ठाणे-तुर्भे गाडीत उभ्याने टाईप करतोय, चुका पोटात घाला.

मी नियम वाचतो. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या प्राण्यांच्या पुस्तकात, गॉब्लिनच्या नावाखाली 'न्यूट्रल ईव्हिल', म्हणजे दुष्ट, छापलंय. डीएमने आपल्या जगात ते बदललंय असं कधी सांगितलं नव्हतं. मग मी कशाच्या आधारावर वेगळं वागायचं? पॅलाडिनची शपथच दुष्टांशी लढायची आहे.

आणि मोठा मुद्दा. सहा दिवस ऑफिसात कोणाला तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही. कोण बरोबर, कोण चूक, कोणाचा कशात हितसंबंध, हे सगळं पोटात ठेवून हसत काम करायचं. रविवारचे चार तास मला असे हवेत की समोरचा वाईट आहे हे ठरलेलं आहे आणि मी शूर आहे हेही ठरलेलं आहे. त्यात मला पाप दिसत नाही. सारीपाटात सोंगटी मेली म्हणून आपण सुतक पाळत नाही. हायझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली खेळाबद्दल हेच मांडलं: खेळ रोजच्या जगण्यापासून वेगळ्या जागेत आणि वेगळ्या वेळेत चालतो, तिथले नियम तिथलेच. त्या रिंगणात बाहेरचं जग ओढून आणलं की रिंगणच उरत नाही.

ती निघून गेली याचं मला वाईट वाटतंय. पण मी राक्षस नाही. मी खेळत होतो.

मोजणीदार | सोमवार, सकाळी ११:२०

कोण चांगला, कोण वाईट ते बाजूला ठेवू. खेळ गुण कशाचे देतो ते आधी बघू.

नियमपंडितांनी २०१४ चं पुस्तक काढलं म्हणून त्यातलेच आकडे. एक गॉब्लिन मारला की ५० अनुभवगुण. पहिल्या पातळीवरून दुसरीवर जायला ३०० लागतात. म्हणजे माणशी सहा गॉब्लिन, चौघांच्या नव्या पार्टीला चोवीस. आता वीसबाजूंच्या दलदलीत या. त्यांनी मासे धरणारे, मीठ पिकवणारे लोक उभे केले. त्या मिठाला नियमांत गुण नाहीत. माशांना नाहीत. त्या लोकांची किंमत कागदावर येते ती ते मेल्यावरच. शिवाय सरदार मोकळ्या हेक्सला शंभर नाणी देतो. अशा मांडणीत चार भली माणसं बसवा, चौदाव्या महिन्यात ती झोपडीच्या दाराशी तलवार घेऊन उभी राहणारच. शिक्षक परीक्षेत जे विचारतो तेच पोरं वाचतात.

'व्यापार' सगळ्यांनी खेळलाय. तो ज्या मोनोपॉलीच्या घराण्यातला, तिच्या मुळाशी लिझी मॅगी या अमेरिकन बाईचा खेळ आहे, १९०४ साली पेटंट मिळालेला. जमिनीचा मालक नुसत्या भाड्यावर बाकीच्यांना कसं बुडवतो हे लोकांना हाताने कळावं म्हणून तिने तो रचला. तिने नियमांचे दोन संच केले होते. एकात एकजण सगळं गिळतो, दुसऱ्यात जमिनीतून आलेली संपत्ती सगळ्यांच्या वाट्याला येते. घरोघरी पोचला तो पहिला. पट तोच, फासे तेच, पण नियम बदलला की खेळणारा माणूस दुसरा होतो.

त्यामुळे 'खेळात राजकारण आणू नका' हे मला उमगतच नाही. ते पेटीतूनच येतं. आपण फक्त बघायचं की नाही ते ठरवतो.

तलावपाळी | सोमवार, दुपारी १२:०५

मोजणीदार, पूर्ण सहमत. आम्ही गुण देणंच बंद केलंय, कथेत टप्पा आला की पातळी वाढवतो. वर्षभरात लढाया निम्म्यावर आल्या असतील.

पिवळीपानं | सोमवार, दुपारी २:४०

मोजणीदारांचे आकडे बरोबर आहेत, पण ते एका आवृत्तीचे. मी जुन्या नियमांवर खेळतो, म्हणून चित्र थोडं पुरं करतो. इथे मला घाई करायची नाही, कारण अर्धी भांडणं या इतिहासाच्या अज्ञानातून होतात.

१९७४ साली या खेळाचे कर्ते गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी पहिल्या हजार प्रती काढल्या तेव्हा हा खेळ युद्धखेळांच्या पोटातून नुकता बाहेर पडला होता. स्वभावाचे रकाने तीनच होते: लॉ (सुव्यवस्था), न्यूट्रॅलिटी (तटस्थता), केऑस (अंदाधुंदी). ते लढाईतले पक्ष होते. कोण कोणाच्या बाजूने उभं राहील याची यादी, इतकंच. चांगलं आणि वाईट हा दुसरा अक्ष नंतर जोडला गेला आणि नऊ खान्यांचा तक्ता १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात पक्का झाला. म्हणजे 'शत्रूच्या बाजूचा' याचं 'दुष्ट' व्हायला पाचएक वर्षं पुरली.

आता गुण. १९८१ च्या बेसिक नियमांत गॉब्लिन मारण्याचे गुण ५. फायटरला दुसऱ्या पातळीसाठी २,००० लागतात. नुसतं मारून वर चढायचं तर चारशे गॉब्लिन हवेत. तसं कोणी करत नसे, कारण गुण मुख्यतः खजिन्याचे मिळत, एका सोन्याच्या नाण्याला एक. आणि समोर कोणी आलं की डीएमने दोन सहाबाजू फासे टाकायचे. दोन आले तर तत्काळ हल्ला, बारा आले तर उत्साहाने मैत्री, मध्ये संशय, टेहळणी, बोलणी अशा सगळ्या पायऱ्या. दोन येण्याची शक्यता छत्तिसात एक. पात्रं एका घावात मरत, त्यामुळे शहाणी पार्टी बोलायची, लाच द्यायची, मागच्या बाजूने शिरायची. लढाई म्हणजे बेत फसल्याची खूण होती.

जुना काळ सोज्वळ होता असं यातून काढू नका. खजिना कोणाचा? गुहेत राहणाऱ्यांचाच. खून कमी झाले, लूट वाढली. त्याच सुमाराच्या एका गाजलेल्या साहसात गुहांमधल्या टोळ्यांच्या बायका आणि पोरं आकड्यासकट मोजून दिली होती. त्यांचं काय करायचं ते प्रत्येक टेबलाने आपापलं ठरवलं. वीसबाजू, तुमच्या घरी रविवारी आलेला प्रश्न चाळीस वर्षांहून जुना आहे. तुम्ही एकटे नाही.

नियमपंडित | सोमवार, संध्याकाळी ७:१०

पिवळीपानं, मनापासून आभार. हे दोन फाशांचं मला माहीत नव्हतं. रविवारी तसे फासे पडले असते आणि गॉब्लिन बोलायला पुढे आले असते, तर मी बोललो असतो. मला कोणी बोलायचा रस्ताच दाखवला नाही.

सोलापूरहूनठाणे | सोमवार, रात्री ९:५५

मूळचा सोलापूरचा, आता कासारवडवलीत राहतो. मी टेबलावर फारसा खेळलेलो नाही, मुलगा खेळतो, त्याने हा धागा दाखवला. एका वाक्यावर अडकलोय.

आमच्या सोलापुरात सेटलमेंट म्हणून वस्ती आहे. नावाचा अर्थ लहानपणी कळला नव्हता. इंग्रजांनी १८७१ साली क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट केला आणि जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीवाचून हलायचं नाही. पुढे तारेच्या कुंपणात वसाहती केल्या, त्यातली एक आमच्या गावची. कायदा १९५२ साली रद्द झाला. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो त्याच्याच आठवणीने.

"मोठी झाली की तीच परत येणार." गॉब्लिनांबद्दल हे मी आज पहिल्यांदा वाचलं. माणसांबद्दल शेजारपाजारी कितीतरी वेळा ऐकलंय, कायदा जाऊन तीस वर्षं झाल्यावरसुद्धा. कुठे चोरी झाली की पोलीस आधी कोणाच्या घरी जातात हे आम्हा पोरांनाही पाठ होतं.

तलावपाळी | सोमवार, रात्री १०:२०

तुमच्या भावनेचा आदर आहे, पण हे मला खटकतं. ज्यांनी खरोखर सोसलं त्या माणसांना गॉब्लिनांशेजारी बसवणं हाच त्यांचा अपमान नाही का? काल्पनिक प्राणी दुष्ट असू शकतो, कारण तो कोणीतरी तसा लिहिलाय. माणूस तसा लिहिलेला नसतो.

सोलापूरहूनठाणे | सोमवार, रात्री १०:४५

प्रश्न रास्त आहे. मी माणसांची तुलना गॉब्लिनांशी केली नाही. मी तुलना केली ती वाक्याची. त्या कायद्यानेसुद्धा माणसाला आधी तसं लिहिलं, मग लिहिलेलं वाचून त्याच्याशी वागायला बाकीच्यांना मोकळीक मिळाली. पॅलाडिन काय म्हणाला? 'पुस्तकात लिहिलंय.' माझ्या पोराच्या तोंडी हे वाक्य गॉब्लिनाबद्दल इतकं सहज बसू नये एवढंच बाप म्हणून वाटतं. बंदी वगैरे घाला असं म्हणत नाही. तो खेळतो, तासन्‌तास इंग्रजी वाचतो, मित्रांशी बोलतो, मला आनंदच आहे.

अक्षहृदय | मंगळवार, सकाळी ७:३०

फाशांवरची सगळ्यात जुनी तक्रार ऋग्वेदात आहे, दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त. बेहड्याच्या बियांचे फासे, आणि ते सोडता न येणारा, घर उद्ध्वस्त झालेला जुगारी. माझा आयडी मात्र नळाच्या गोष्टीतला. नळाने ऋतुपर्णाला घोड्यांची विद्या दिली, बदल्यात अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, घेतलं. फासे कळले तेव्हा कुठे कली अंगातून निघाला.

पण मला बोलायचंय सभापर्वावर. हस्तिनापुरातला डाव नियमाला धरून होता की नव्हता, याचाच खल सगळी सभा करते. द्रौपदीचा प्रश्नही नियमाचाच आहे: आधी स्वतःला हरलेला माणूस दुसऱ्या कोणाला पणाला लावू शकतो का? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. नियमांचा सगळ्यात मोठा जाणकार, आणि तोच गप्प. बोलतो विकर्ण, धृतराष्ट्राचाच मुलगा, वयाने लहान. तो मुद्दे एकेक मोजून मांडतो आणि कर्ण त्याला झिडकारतो.

नियमपंडित, तुम्ही विचारता की नियमात बसत होतं, मग माझं काय चुकलं. 'नियमात बसतं का' आणि 'करावं का' हे दोन प्रश्न त्या सभेत एक झाले, तिथेच सगळं बिघडलं. रविवारी तुमच्या टेबलावर ते पुन्हा वेगळे झाले. जी उठून गेली ती तुमची विकर्ण.

नियमपंडित | मंगळवार, सकाळी ८:५०

वाचलं. गाडीतून उतरून फलाटावर उभा राहून पुन्हा वाचलं. संध्याकाळी लिहितो.

कळव्याचीपोर | मंगळवार, दुपारी १:१५

अवांतर वाटेल, पण मला ते अवांतर वाटत नाही. तुम्ही सगळे गॉब्लिनांचं बोलताय, टेबलाभोवती कोण बसतं ते कोणी बोलत नाही.

मी दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजमध्ये आमचा सहा जणींचा ग्रुप. तीन जाडजूड पुस्तकं घ्यायची म्हणजे आमच्यातल्या दोघींच्या महिन्याच्या लोकलच्या पासांची, डब्याची, सगळ्याची बेरीज होते. आम्ही मोफत मिळणाऱ्या नियमांवर खेळतो. २०२३ च्या जानेवारीत परवान्यावरून जगभर ओरड झाली आणि त्या महिनाअखेरीस खेळ काढणाऱ्या कंपनीला पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडावे लागले. म्हणजे ते छापायला, बदलायला, भाषांतर करायला कोणालाही मोकळे आहेत, फक्त श्रेय द्यायचं. आम्ही त्यातली चाळीसेक पानं मराठीत आणलीत. 'सेव्हिंग थ्रो'ला 'बचावफेक', 'इनिशिएटिव्ह'ला 'पहिला हात', 'हिट पॉइंट'ला 'जीव'. डीएमला आम्ही सूत्रधार म्हणतो.

मराठीत खेळल्यावर एक गोष्ट झाली. इंग्रजीत गॉब्लिन नुसता गॉब्लिन असतो. मराठीत तो काहीतरी बोलायला लागला की त्याला कुठली तरी बोली द्यावी लागते. पहिल्या दिवशी आमच्या सूत्रधारने चोरट्या गॉब्लिनाला गावंढळ बोली दिली, आम्ही हसलो, आणि आमच्यातली एक हसली नाही, कारण तिची आई तसंच बोलते. त्या दिवशी काही वाद झाला नाही. पुढच्या वेळेपासून राजा तसं बोलायला लागला.

मोजणीदार | मंगळवार, दुपारी १:४०

ती चाळीस पानं बघायला मिळतील का? छपाईचा खर्च आम्ही दोघं-तिघं उचलू शकतो.

कळव्याचीपोर | मंगळवार, दुपारी १:५२

मैत्रिणींना विचारते. चालेल बहुतेक.

खारफुटी | मंगळवार, रात्री ११:३०

मी बार्बेरियन. दोन दिवस वाचत होते. लिहायचं नव्हतं, पण माझ्याबद्दल इतकं लिहून आलंय की आता गप्प बसले तर तेच खरं ठरेल.

आधी एक. मला विकर्ण करू नका. सोलापूरहूनठाणे, तुमचं लिहिणं आत लागलं, तरी मी तो विचार करून उठले नव्हते. मला हाणामारी आवडते. चौदा महिन्यांत सगळ्यात जास्त मी मारलेत, पात्राच्या कागदामागे रेघा ओढून मोजलेत, त्रेसष्ट. रविवारच्या अकरांतले चार माझे.

मी उठले ते नकाशामुळे. पहिल्या दिवशी वीसबाजूने तो पसरला तेव्हा खाडीकाठच्या षटकोनांत 'दलदल, निर्जन' लिहिलं होतं. मग त्याच षटकोनांत मिठागरं निघाली. मिठागर आपोआप होत नाही. कोणीतरी बांध घालतं, उघाडी (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) बसवतं, कुठल्या तिथीला भरतीचं पाणी किती आत घ्यायचं ते ठरवतं, उन्हात उभं राहून मीठ ओढतं. जिथे मीठ पिकतं ती जागा निर्जन असूच शकत नाही. मी हे पहिल्या महिन्यात बघितलं आणि बोलले नाही, कारण खेळ छान चालला होता.

आमचं घर गावठाणात आहे, चारही बाजूंनी सेक्टर. आजीला खाडीच्या प्रत्येक वळणाचं नाव येतं. निवट्या मिळायच्या ती जागा, चिंबोऱ्यांची बिळं ज्या बांधाखाली होती तो बांध, तिच्या आत्याची होडी उलटली ती जागा. नावं सगळी शाबूत आहेत, जागा बऱ्याचशा भरावाखाली गेल्या. शाळेत असताना मी ती नावं वहीत उतरवली आणि छापील नकाशाशी ताडून बघितली. तिथे फिकट हिरवा रंग होता आणि एक शब्द, 'मार्श'.

रविवारी पॅलाडिन म्हणाला "उरकू", तेव्हा मला पोरांपेक्षा ती म्हातारी दिसत होती. हिला नावं येत असणार, हे डोक्यात आलं. ती मेली की ते षटकोन खरोखरच निर्जन होणार, आणि वीसबाजूने पहिल्या दिवशी लिहिलेलं खरं ठरणार, तेही माझ्या कुऱ्हाडीने. हे तिथल्या तिथे चौघांना सांगायला शब्द सापडेनात. म्हणून उठले. न सांगता उठले ही माझी चूक, त्याबद्दल माफी.

नियमपंडित, तू राक्षस नाहीस. तू पाठीशी उभा राहून माझं पात्र तीनदा वाचवलंयस. पण समोरचा वाईट आहे हे ठरलेलं असावं असं तुला वाटतं ना, तर ते कोणीतरी ठरवलेलं असतं. मला फक्त एवढं हवं होतं की एकदा तरी कोणी डीएमला विचारावं, इथे कोण राहतं आणि ते या जागेला काय म्हणतात. मीही विचारलं नाही.

सातबारा | बुधवार, सकाळी ६:४५

खारफुटी यांनी घरचं सांगितलं. सार्वजनिक इतिहास मी थोडक्यात जोडतो, कारण धागा वाचणाऱ्या कित्येकांचा जन्म सेक्टरमधला आहे.

सिडको १९७० च्या मार्चमध्ये स्थापन झाली. नव्या शहरासाठी, म्हणजे नवी मुंबईसाठी, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचं ठरलं. भातशेती, खाजण, मिठागरं. मोबदल्यावरून शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत, हे तत्त्व त्या लढ्यातून आलं. आज पामबीच रोडवरून जाताना डाव्या-उजव्या हाताला जे दिसतं त्याखाली हे सगळं आहे.

शहर नको होतं असं मी म्हणत नाही. माझी नोकरी, मुलांच्या शाळा, सगळं त्याच शहरात आहे.

नियमपंडित | बुधवार, रात्री १०:१०

तीनदा लिहून खोडलं.

रिंगणाबद्दल मी बोललो ते मी मागे घेत नाही. थकलेल्या माणसाला सोपा शत्रू मिळावा, यात मला अजूनही गैर वाटत नाही. सांगाडे द्या, पिशाच्चं द्या, ज्यांना पोरं होत नाहीत असं काहीही द्या, मी आनंदाने लढेन. पण मीठ पिकवणारे दाखवायचे आणि वर ते दुष्ट आहेत म्हणायचं, या दोन गोष्टी एका षटकोनात मावत नाहीत. हे मला खारफुटीच्या पोस्टनंतर कळलं, त्याआधी नाही.

विचारायला हवं होतं. पॅलाडिनने तर नक्कीच.

वीसबाजू | गुरुवार, रात्री ९:००

चौघांशी फोनवर बोललो. रविवारी खेळतोय. झोपडीच्या दाराशीच सुरू करायचं, मागे जायचं नाही, अकरा मेले ते मेलेच. एक नियम बदलतोय: हेक्स मोकळा करताना मारल्याचे गुण बंद. तिथल्या रहिवाशाने आपणहून सांगितलेलं नाव नकाशावर चढलं तर शंभर गुण.

पिवळीपानं | गुरुवार, रात्री ९:३५

जपून. ज्याला गुण, ते लूट होतं. सोन्याचं तेच झालं, नावांचंही होईल. पार्टी म्हाताऱ्यांना गाठून नावं उकळत फिरेल. शिवाय खऱ्या इतिहासातही मोजणी करणारे नावं टिपूनच घ्यायचे, आणि त्यांच्या मागून सारा वसूल करणारे यायचे.

खारफुटी | गुरुवार, रात्री ९:५०

खरंय. मग सांगणाऱ्याला खोटं नाव सांगायचा हक्क असू दे. आणि ते खोटं होतं की खरं, हे खेळाडूंना फासे टाकून कळू नये.

वीसबाजू | गुरुवार, रात्री ९:५८

घेतलं.

वीसबाजू | रविवार, रात्री १०:४०

आत्ताच सगळे गेले. वृत्तांत थोडक्यात देतो, झोप आलीय.

दाराशी दोन सहाबाजू फासे टाकले. चार. म्हणजे शत्रुत्व, पण लगेच हल्ला नाही. म्हातारी पोरांना मागे घालून कोयता घेऊन उभी राहिली. पॅलाडिनने तलवार जमिनीवर ठेवली. ती हलली नाही. क्लेरिकने (जखमा बऱ्या करणारं पुजारी पात्र) जखमींवर उपचार करायची तयारी दाखवली, ती म्हणाली जखमी कोणी उरलेलं नाही. मग कोणालाच काय बोलावं सुचेना. टेबलावर दोन-तीन मिनिटं कोणी बोललं नाही, मीही मध्ये पडलो नाही.

शेवटी बार्बेरियनने विचारलं, मेलेल्यांना तुमच्यात पुरतात की पाण्यात सोडतात. म्हातारीने बांधाकडे बोट दाखवलं. उरलेले दोन तास पार्टीने अकरा देह उचलून बांधावर नेले. एकही लढाई नाही, फासे मोजून चार वेळा पडले. एवढ्यात भरती आली, उघाडी बंद करायला माणूस उरला नव्हता, ती पॅलाडिनने अंगाच्या जोराने खाली पाडली. त्याला चिलखत काढावं लागलं.

सरदाराचा माणूस पहाटे हिशेब घ्यायला आला, तिथे थांबलोय. पार्टी त्याला काय सांगणार हे ठरलेलं नाही, रिक्षा येईपर्यंत त्यावरच वाद चालू होता. क्लेरिकचं म्हणणं पैसे घ्यावेत आणि म्हातारीला द्यावेत. खारफुटीला ते अजिबात मान्य नाही.

नाव एक मिळालं. म्हातारीने बांधाचं सांगितलं, नकाशावर पेनाने लिहिलंय. खरं की खोटं ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही, चौघेही हा धागा वाचतात.

नियमपंडित | रविवार, रात्री ११:२५

घरी पोचलो. पुढचा रविवार माझ्याकडे, वर्तकनगरला, पाच वाजता. कळव्याचीपोर, तुमच्या सहा जणींपैकी कोणाला यायचं असेल तर दोन खुर्च्या जास्तीच्या आहेत. बचावफेकीचं ते पान घेऊन या.